रिकाम्या दंडांवरचा पांढरा रंग

मी हंसाबाई नव्हे, तिची तेलरंगातली तसबीर. तरी आज मीच बोलतेय, कारण तिचं कुणी ऐकलं नाही.

छप्पन सालच्या हिवाळ्यात बोरी अरबजवळ, कपाशीच्या वावरातल्या पळसाखाली माझा जन्म झाला. दारव्ह्याचे ड्रॉइंग मास्तर मधुसूदन सायकलला कॅनव्हास बांधून यायचे. कापूस वेचून झाला की हंसाबाई त्यांच्यासमोर बसायची. तिचा नवरा लालसिंग त्याआधीच्याच पावसाळ्यात वारला होता. बंजाऱ्यांच्या तांड्यातली सवाष्ण दंडात पांढऱ्या बांगड्या भरते. नवरा गेला की त्या उतरतात.

"मास्तर, दंड रिकामेच ठेवजा," ती म्हणाली. "मी त्याले इसरली नाही, हे दिसलं पाह्यजे."

"शब्द देतो," मास्तर म्हणाले. बांगड्यांचे फिकट वळसुद्धा त्यांनी इतक्या मायेनं रंगवले, की मला माझाच अभिमान वाटला.

घरी गेल्यावर त्यांची नियत फिरली. "बांगड्यांशिवाय बंजारीण ओळखू कशी येईल?" असं पुटपुटत, खालचा रंग वाळायच्या आधीच त्यांनी माझ्या दंडांत बांगड्या चढवल्या. मला ओरडावंसं वाटलं, पण माझे ओठ त्यांनी मिटलेलेच रंगवले होते.

यवतमाळच्या प्रदर्शनात मला पहिलं बक्षीस मिळालं. जाणकार मंडळी मान डोलवत म्हणायची, "काय वाट पाहतेय नवऱ्याची!" अर्थ लावण्यात माणसांचा हात कोण धरणार!

शेवटच्या दिवशी हंसाबाई सासऱ्याला, भावसिंगला, घेऊन कौतुकानं आली. म्हातारा माझे दंड पाहतच राहिला.

"पोराले जाऊन वरीस नाही झालं, अन् तू या मास्तरापुढं बांगड्या भरून बसत होती?"

"नाही, मामाजी! मास्तर, तुम्ही सांगा न यायले!"

मास्तरांच्या हातात बक्षिसाची ढाल होती, भोवती माणसं होती. ते म्हणाले, "मला दिसलं तसं काढलं."

हंसाबाईनं त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. त्याच आठवड्यात सासरच्यांनी तिला आर्णीकडे माहेरी धाडलं. पुन्हा कुणी आणलं नाही.

आता बासष्ट साल आहे. मी मास्तरांच्या बैठकीत टांगलेली असते. ओल्यावर चढवलेला तो पांढरा रंग तडकू लागलाय, खपल्या गळताहेत, खालचे वळ दिसताहेत. मला वाटलं, आता तरी मास्तर भावसिंगला बोलावतील.

काल ते बराच वेळ माझ्यासमोर उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी बायकोला हाक मारली, "शोभा, ती पांढऱ्याची ट्यूब आण जरा."

बाबांनो, कधी माझ्यासमोर आलात तर माझ्या डोळ्यांचा अर्थ लावत बसू नका. नखानं माझा दंड थोडा खरवडून पाहा, आणि जे दिसेल ते तांड्यावर जाऊन सांगा.