चुन्याची चौकट

या, जरा पुढे सरकून बसा. एका हाकेची गोष्ट सांगतो.

फुटबॉलचा एक बचावपटू होता, मागच्या फळीचा म्होरक्या. त्यानं ‘वर!’ म्हटलं की चौघांनी एकदम पाऊल पुढे टाकायचं. समोरचा गडी फळीच्या मागे, म्हणजे ऑफसाइड, सापडलाच. एक जण मागे राहिला तरी डाव फसला. बारा वर्षं ती हाक चुकली नाही. एका अंतिम सामन्यात मात्र ती निघालीच नाही. तो नुसताच पुढे गेला, त्याला पाहून उजवीकडचे दोघे गेले. डाव्या टोकाच्या गड्याची नजर चेंडूवर. तो मागेच राहिला. गोल!

‘हाक दिली होतीस?’ प्रशिक्षकांनी विचारलं.

‘दिली होती.’

डाव्या टोकाला होता त्याच्याच बायकोचा धाकटा भाऊ. त्याला संघातून काढलं, आणि ‘बहिरा’ हे नाव जन्माचं चिकटलं.

पुढे म्होरक्या स्वतः प्रशिक्षक झाला. मेहुणा त्याच मैदानावर चुन्याच्या रेषा आखू लागला. सामना चालू असताना प्रशिक्षकानं आपल्या चौकटीबाहेर पाऊल टाकायचं नाही, असा नियम. आणि ती चौकट आखणारा मेहुणा! चार पावलं इकडे, चार तिकडे. घरी जेवताना बायको भावाची फिरकी घ्यायची, ‘बहिरोबा, वाढू का, की ओरडून विचारू?’ सगळे हसत. हाही हसे, पण ताटावरची नजर न उचलता.

एकदा तो शिकवत असलेल्या मुलींच्या संघानं तस्साच गोल खाल्ला.

‘हाक दिली होतीस?’ त्यानं म्होरकीला विचारलं.

‘नाही सर, आवाजच फुटला नाही. मागे राहिली तिला बोलू नका.’

मैदान रिकामं झालं तरी हा चौकटीतच उभा. मेहुणा चुन्याची गाडी ढकलत आला.

‘सरका दाजी, रेषा पुसट झालीय.’

‘त्या दिवशी मी हाक दिलीच नव्हती रे.’

‘ठाऊक आहे. शेजारीच तर होतो. बहिरा थोडाच आहे मी!’

‘मग बोलला का नाहीस?’

‘तुम्ही बोलाल म्हणून थांबलो.’ गाडी पुन्हा चालू लागली. ‘आज ताईसमोर सांगाल?’

‘सांगतो.’

संध्याकाळी ताटं मांडली. ‘काय बहिरोबा, वाढू का?’ बायको हसली. मेहुण्यानं दाजींकडे पाहिलं. दाजींनी तोंड उघडलं. मग नुसताच पाण्याचा पेला उचलून तोंडाला लावला.

मेहुण्यानं क्षणभर वाट पाहिली, मग ताट पुढे केलं. ‘वाढ ताई. येतंय ऐकू.’

मेहुण्याची काळजी देवाला आहे. तुम्ही हात जोडाल तेव्हा त्या दाजींची तेवढी आठवण ठेवा.