महिन्याचं दळण

तव्यापर्यंत पोहोचायच्या आधीच भाकरीचे तीन तुकडे झाले. एक तव्यावर पडला, दुसरा परातीत, आणि तिसरा बंडोपंतांच्या पंजाला चिकटून राहिला.

"भाऊसाहेब, हे काय करून राहिले?" शेजारच्या जिवनबाईंनी दारातून विचारलं. बाजारात भाजी विकून परतताना त्या रोज एकदा डोकावत.

"भाकरी," पंत म्हणाले. "अजून झालेली नाही."

बंडोपंत आखाडा बाळापूरच्या शाळेत छत्तीस वर्षं लेखनिक होते. सात मुख्याध्यापक आले नि गेले, पण पंतांच्या कपाटातला एक कागद कधी हरवला नाही. घरात मात्र चहाचं पातेलं कुठल्या फळीवर असतं, हे त्यांना बायको, गंगूताई, गेल्यावर कळलं. मग पाच महिने डबा लावला. डबेवाली लेकीच्या बाळंतपणाला गेली, तेव्हा हे गृहस्थ चार दिवस बिस्किटं आणि केळी खाऊन राहिले आणि पाचव्या दिवशी अंगणात चक्कर येऊन पडले.

मुलगा चिन्मय पुण्याहून धावत आला. "बाबा, आता घराला कुलूप. तुम्ही माझ्याकडे."

पुण्याचं घर वाईट नव्हतं. सून नीलांबरी मायाळू होती. पण या दोन खोल्या सोडल्या तर गंगूताई दुसऱ्यांदा जातील, असं पंतांना वाटत होतं. ते एवढंच म्हणाले, "मी माझं करून खाईन."

"काय करून खाल?"

"भाकरी."

चिन्मय हसला नाही. हसला असता तर बरं, असं पंतांना वाटलं. "महिन्यानं येतो," तो म्हणाला. "करून दाखवा. नाहीतर माझ्याबरोबर चला."

सदुसष्टाव्या वर्षी माणूस नवी काठीसुद्धा नाखुशीनं हातात घेतो. पंत मात्र दुसऱ्याच दिवशी ज्वारीचं पोतं घेऊन गिरणीवर गेले आणि वीस किलो दळून आणलं. महिन्याची काळजी मिटली. त्या दिवसापासून सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन भाकऱ्या, एक दिवस खाडा नाही. बोटं भाजली, पीठ भिंतीपर्यंत उडालं, आणि जे होईल ते ताकात कुस्करून त्यांनी निमूट खाल्लं. चिवट म्हणजे किती चिवट असावं माणसानं.

जिवनबाईंनी शिकवायचं मनावर घेतलं. "गरम पानी घाला. आन बोटानं न्हाई, तळहातानं रगडा. जोर लावा, कागद न्हाई तो."

पंतांनी जोर लावला. तीन आठवड्यांत मळणं जमलं, गोल थापणंही जमलं. भाकरी मात्र दिवसेंदिवस जास्तच फुटू लागली. चिन्मय यायला दोन दिवस उरले तेव्हा त्यांनी परात बाजूला सारली. "जिवनबाई, माझ्या हातातच नाही हे."

"सरका जरा." जिवनबाईंनी पदर खोचला आणि स्वतः भाकरी थापली. उचलताना तीही फुटली.

चाळीस वर्षांत त्यांच्या हातून असं झालं नव्हतं. त्यांनी चिमूटभर पीठ बोटांत चोळून पाहिलं. "कवाचं हाय हे?"

"महिन्याचं एकदमच आणलं."

"अवो, जवारीच्या पिठाची विरी जाती आठ-धा दिसांत. चिकटपनाच ऱ्हात न्हाई, मंग भाकर धरंल कशी? ताई काहून दर चौथ्या दिशी गिरनीत जायच्या, कधी इचारलं न्हाई व्हय?"

विचारलं नव्हतं. उलट सुनावलं होतं. वर्षभराची स्टेशनरी मी जूनमध्ये एकदाच मागवतो, आणि तुझे महिन्याला आठ हेलपाटे. तरी गंगूताई डबा काखोटीला मारून गेल्या होत्या. उन्हात, पावसात, ताप असतानासुद्धा गेल्या होत्या, आणि पंतांच्या ताटात फुटकी भाकरी कधी आली नव्हती. ओट्याला धरून उभे असतानाच पंतांना रडू आलं. त्यांनी ते लपवलं नाही.

जिवनबाईंनी उरलेलं पीठ गोळा केलं. "हे माझ्या गाईला घालते. उद्या दोनच किलो आना."

दुसऱ्या दिवशी गिरणीवर बायकांच्या रांगेत पंत शेवटी उभे राहिले. एकीनं पुढं जा म्हटलं, तर म्हणाले, "राहू दे. मला आता नेहमीच यायचंय."

रविवारी चिन्मय जेवायला बसला. पंतांनी भाकरी थापली, तव्यावर टाकून पाण्याचा हात फिरवला, उलटली आणि विस्तवावर धरली. ती टम्म फुगली. चिन्मयनं दोन भाकऱ्या पिठल्याशी खाल्ल्या आणि तिसरी मागितली.

"बाबा, तुम्हीही बसा ना."

"तुझं होऊ दे आधी. गरम गरम खा," पंत तव्याकडे बघत म्हणाले.

हे वाक्य या घरात आजवर एकाच माणसानं म्हटलं होतं. चिन्मयनं तिसरी भाकरी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.

दुपारी नीलांबरीचा फोन आला. "एकच तिकीट काढ," चिन्मय म्हणाला. "वारंगा फाट्यावरून, पुण्याच्या गाडीचं." मग वडिलांकडे वळला. "बाबा, वाटेत खायला दोन बांधून देता?"

शिदोरी पंतांनी जन्मात बांधली नव्हती. त्यांनी स्वच्छ फडकं पसरलं, भाकऱ्या मधोमध ठेवल्या आणि चारी कोपरे ओढून, शाळेत कागदपत्रांचं दप्तर बांधत तशी गाठ मारली. चिन्मयनं ते दोन्ही हातांनी घेतलं.