समोरची तार

पत्र येऊन सात महिने झाले, तरी प्राध्यापकांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र त्यांच्या शेवटच्या विद्यार्थिनीचं. त्यात एकच प्रश्न होता : सर, तुमच्या चाचणीत समोरची तार कशाची होती?

निवृत्तीपूर्वी प्राध्यापकांनी लोखंड आणि कोळशाची एक काळी भुकटी तयार केली होती. हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या सेलमध्ये महागड्या प्लॅटिनमऐवजी ही स्वस्त भुकटी चालेल, असा गाजावाजा झाला. चाचणीत ती चाललीही. पण आम्लाच्या भांड्यात तिच्यासमोर लावलेली तार होती प्लॅटिनमची, सवयीने, नेहमीची. तारेतले कण विरघळून भुकटीवर बसले आणि काम त्यांनीच केलं. प्लॅटिनमला हाकलायला निघालेली भुकटी प्लॅटिनमच्याच जिवावर मिरवत होती. प्रबंधासाठी विद्यार्थिनीने तारेऐवजी ग्राफाइटची कांडी लावली, तर भुकटी ढिम्म.

भुकटीच्या पुण्याईवर प्राध्यापकांचा लाडका शिष्य संस्थेचा संचालक झाला होता. जन्मात त्याने एक भांडं विसळलं नव्हतं. पोरीचा हातच कच्चा, असं त्याने ठरवून टाकलं. येत्या सोमवारी परीक्षक तिचा प्रबंध फेटाळणार होते.

मंगळवारी संचालक सत्काराचं निमंत्रण घेऊन घरी आला. “सर, तुमच्या शंभर चाचण्या खोट्या आणि तिची एक खरी होय?” तो हसला. आपलंच चुकत असेल, असं प्राध्यापकांना आयुष्यभर वाटत आलं होतं. नेमकं चुकलं तिथेच तोंड उघडेना.

तो गेल्यावर बायकोने त्याचा कप उचलला.

“स्वतःचा कप उचलत नाही, तो तुमचा सत्कार करणार. आणि जी तुमच्याकडून काम शिकली, तिच्या पत्रावर तुम्ही रोज चष्मा ठेवता. अहो, एका तारेचं नाव लिहायला किती शाई लागते?”

प्राध्यापकांनी जुनी वही काढली. अक्षर त्यांचंच होतं : समोर प्लॅटिनम. पहिल्या मसुद्यात त्यांनी ‘बहुधा’ लिहिलं, दुसऱ्यात ‘कदाचित’. दोन्ही फाडले. तिसऱ्यात लिहिलं : तार प्लॅटिनमची होती. चूक माझी, हात तुझा पक्का. सोबत वहीचं पान आहे, परीक्षकांना दाखव.

टपालपेटीपाशी त्यांनी पत्ता तीनदा वाचला. पाकीट अर्धं आत गेलं, पण बोटं सुटेनात.

“आजोबा, सोडा की आता,” मागची बाई म्हणाली.

त्यांनी सोडलं.