कुमुदचे कंद

निशिकांतची पहिली बायको जाऊन चौदा वर्षं झाली होती, तरी सिंगापूरमधल्या वुडलँड्सच्या त्या फ्लॅटमधल्या फ्रिजचा खालचा खण अजून तिचाच होता. त्या खणात मीनलने कोथिंबिरीची जुडीसुद्धा ठेवायची नाही, असा दंडक होता. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत तिथे नारळाच्या भुशात निजवलेले डेलियाचे कंद असायचे. कुमुदचे डेलिया.

कुमुद होती तेव्हा निशिकांत स्कॉटलंडमध्ये, अ‍ॅबर्डीनला, समुद्रातल्या तेलविहिरींवर माल नेणाऱ्या जहाजांचा इंजिनिअर होता. घरामागच्या वीतभर जागेत कुमुदने डेलिया लावले होते. ऑक्टोबरात पहिलं हिम पडून पानं काळी ठिक्कर पडली की ती दांडे कापायची, जमिनीतून कंद अलगद उकरायची, देठातलं पाणी निथळावं म्हणून ते उलटे टांगायची आणि मग लाकडाच्या भुशात घालून गॅरेजमध्ये ठेवायची. हिवाळाभर दर पंधरवड्याला एकेक कंद हातात घेऊन बघायचा, कुजलेला भाग कापून टाकायचा, कापल्या जागी दालचिनीची पूड चोळायची. मे महिन्यात पुन्हा जमिनीत. ताटाएवढं फूल यायचं म्हणे, गर्द डाळिंबी. मीनलने ते ताटाएवढं फूल कधी पाहिलं नाही. सिंगापूरच्या उकाड्यात, कॉरिडॉरमधल्या कुंडीत, ते कसंबसं बशीएवढं व्हायचं आणि दोन दिवसांत मान टाकायचं.

"कुमुदचा हात लागला की मातीसुद्धा हसायची," निशिकांत आल्यागेल्याला सांगायचा. "आमच्या हिच्या हाताला नुसती पानं येतात."

मीनल साताऱ्याची. शाळेत शिकवत होती. अडतिसाव्या वर्षी लग्न ठरलं तेव्हा आईने सुटकेचा श्वास सोडला होता. वर्षभरात निशिकांतला तुआसच्या एका जहाजदुरुस्ती कारखान्यात नोकरी मिळाली आणि दोघं सिंगापूरला आली. सामानाच्या पहिल्या पेटीत कंद होते. इथे हिवाळा नाही, तर हिवाळा फ्रिजमध्ये करायचा, हे त्यानेच ठरवलं. कामं मात्र सगळी मीनलची. आणि तो त्या झाडांना डेलिया म्हणतच नसे.

"कुमुदला पाणी घातलंस?" सकाळी चहाआधी पहिला प्रश्न.

"कुमुदला ऊन लागतंय, आत घे."

निवृत्त झाल्यावर त्याच्या डोळ्यांचा पडदा खराब होऊ लागला. बघायला जावं ती नेमकी मधली जागा धूसर, कडेकडेचं तेवढं दिसायचं. समोरच्या माणसाचा चेहरा त्याला दिसत नसे, बाजूची भिंत दिसे. मग तर मीनलवाचून कंदांचं पानही हलेना. कुठल्या कंदाला डोळा आहे, म्हणजे अंकुर फुटायची ती बारीक गाठ आहे, हे ओळखून सुरीने तुकडे करायचे, ते तीच करायची आणि तो शेजारी स्टुलावर बसून चुका काढायचा.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत साताऱ्याहून भावाचा, अभयचा, फोन आला. आई दवाखान्यात आहे, लवकर ये. तो शुक्रवार होता. तिकिटं निशिकांत काढायचा. त्याने मंगळवारचं काढलं.

"शनिवार-रविवार कंद विभागायचेत. मला दिसत नाही, तुला माहीत आहे. आई काय, चार दिवस थांबेल."

आई थांबली नाही. रविवारी दुपारी अभयचा पुन्हा फोन आला तेव्हा मीनलचे हात कोपरापर्यंत भुशाने माखलेले होते. फोन तिने खांद्याने कानाशी धरला. ऐकलं. फोन ठेवला. निशिकांतला कळलं होतं, शब्द ऐकू गेले होते.

"वाईट झालं," तो म्हणाला. "पण आता घाई करून काय होणार? राहिलेले दोन संपव. कापून उघडे ठेवले तर सुकतात."

मीनलने ते दोन संपवले. हे पुढे तिला सगळ्यात जास्त छळायचं. त्याने सांगितलं ते नव्हे, आपण ऐकलं ते.

वर्ष गेलं. या जानेवारीच्या शेवटी अभयने वर्षश्राद्धाला बोलावलं. मीनल काही बोलायच्या आतच निशिकांत सोफ्यावरून म्हणाला, "त्याला सांग, फेब्रुवारीत जमत नाही. कुमुद उठायची वेळ असते."

मीनलने अभयला तसंच सांगितलं. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि तिने खालचा खण उघडला.

नऊ कंद होते, रताळ्यासारखे गुबगुबीत. तिने भुसा धुऊन काढला, वरची साल सुरीने खरवडली, मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवले. हे कंद खातात, हे तिने कुठेतरी वाचलेलं होतं. पातळ काप केले. मोहरी, हिंग, कढीपत्ता, दोन आमसुलं, गुळाचा खडा, वरून दाण्याचं कूट. घरभर वास दरवळला.

"आज काय विशेष?" निशिकांत ताटावर बसत म्हणाला.

"काप केलेत. खाऊन बघा."

त्याने खाल्ले. मान डोलावली. "सुरण नाही. अरवी पण नाही. टेक्का मार्केटमधून आणलंस?"

"आवडलं?"

"वाढ अजून."

मीनलने वाढलं. दुसरी वाढ संपेपर्यंत ती समोर बसून राहिली. त्याचं बोट ताटाला पुसून तोंडात गेलं तेव्हा ती म्हणाली, "कुमुद होती ती. सगळीच्या सगळी. खण धुऊन ठेवलाय."

निशिकांतचा हात थांबला. तिला वाटलं, आता ताट भिंतीवर जाईल. आता तो ओरडेल, रडेल, उलटी करेल. गेलं वर्षभर ती या क्षणासाठी जगत होती, हे तिला त्या क्षणी कळलं.

तो हसायला लागला. आधी नाकातून, मग मोकळं.

"अगं वेडे," तो म्हणाला. "कुमुदचे कंद पहिल्याच वर्षी कुजले. तू डेंग्यूने दवाखान्यात होतीस ना, तेव्हा. पार लगदा झाला होता. मी फेकून दिले. मग ऑफिसच्या कामाने मलेशियात गेलो होतो, तेव्हा कॅमरून हायलँड्सच्या बाजारातून पिशवीभर घेऊन आलो. तिथे थंडी असते, ढिगाने मिळतात. कोटाच्या खिशातून आणले."

"मग बारा वर्षं मी..."

"बाजारातले कंद सांभाळलेस." त्याने पाण्याचा घोट घेतला. "तुला खरं सांगितलं असतं तर इतकं जपलं असतंस? माणसाला कुणाचातरी धाक लागतो. जिवंत माणसाचा लागत नाही, मेलेल्याचा लागतो."

आणि तो हात धुवायला उठला.

एवढ्यावर थांबला असता तर मीनलने कदाचित तशीच पुढची वर्षं काढली असती. पण निशिकांतला हातात आलेली गोष्ट वाया घालवणं माहीत नव्हतं. आठवड्याभरात त्यांच्या ओळखीच्या सगळ्या मराठी घरांत बातमी पोचली. पोचवणारा तोच. आवाज खाली आणून, मधे थांबत थांबत तो फोनवर सांगायचा, "काय बोलू. कुमुदची शेवटची खूण होती ती. शिजवून घातली मला. मी दोनदा मागून घेतलं हो."

मार्चमध्ये शैलाच्या जुरोंग ईस्टच्या घरी सगळे जमले. प्रत्येकीने एकेक पदार्थ न्यायचा होता. शैला मीनलची सिंगापूरमधली पहिली मैत्रीण, डेंग्यूत मीनलचा डबा तिनेच पोचवलेला. मीनलने भरली वांगी नेली होती. जेवणं उरकली तेव्हा टेबलावर बाकीची सगळी भांडी रिकामी होती आणि भरल्या वांग्यांवरचं तेलसुद्धा हललेलं नव्हतं.

"शैला, ते कंद कुमुदचे नव्हतेच," मीनल स्वयंपाकघरात तिला गाठून म्हणाली. "त्यांनी स्वतः सांगितलं मला. बाजारातून आणले होते."

शैलाने सिंकचा नळ बंद केला. "त्या माणसाला डोळ्यांनी दिसत नाही, मीनल. निदान त्याचं दुःख तरी खोटं ठरवू नकोस."

बाहेर हॉलमध्ये निशिकांतच्या ताटात कुणीतरी आग्रहाने श्रीखंड वाढत होतं.

शैलाची मुलगी चैताली अ‍ॅबर्डीनलाच शिकत होती. पोरगी मनाची चांगली. आईकडून सगळं ऐकून तिने निशिकांतचा जुना पत्ता मिळवला आणि एका रविवारी त्या गल्लीत जाऊन उभी राहिली. शेजारची म्हातारी अजून तिथेच होती. कुमुदने आजारपणात तिला काही कंद दिले होते. म्हातारीने ते चौदा हिवाळे आपल्या गॅरेजमध्ये जपले होते, दर वर्षी लावले होते, दर वर्षी काढले होते. चैतालीने सगळी कागदपत्रं करून त्यातले तीन कंद आणले आणि एप्रिलमध्ये आईवडिलांना घेऊन थेट वुडलँड्सला आली.

"अंकल, these ones are really hers," ती म्हणाली आणि तिने कागदाची पुडी त्याच्या ओंजळीत ठेवली.

निशिकांतने कागद सोडला. एक कंद उचलून त्याने नाकाशी नेला. मग त्याचा चेहरा असा काही वाकडा झाला, की मीनलला वाटलं त्याला झटका आला. तो रडत होता. बारा वर्षांत तिने त्याला नाटकी उसासे टाकताना पाहिलं होतं. हे तसलं नव्हतं. गळ्यातून घोगरा आवाज येत होता, नाकाला पाणी लागलं होतं आणि ते पुसायचं भान नव्हतं. म्हणजे याचं प्रेम होतं, मीनलच्या मनात आलं. खरोखरचं होतं. तिला त्याची दया यायला हवी होती. ती यावी म्हणून ती क्षणभर थांबलीसुद्धा.

मग तो सावरला. पुडी तिच्या दिशेने धरून म्हणाला, "प्रवासाने शिणलेत. पंधरा दिवस थंडीत राहू देत, मग लावू." आणि सगळ्यांकडे मान फिरवून, "ह्यांची भाजी करू नकोस म्हणजे मिळवली."

सगळे हसले. चैतालीसुद्धा.

मीनलने पंधरा दिवस कंद खालच्या खणात नीट ठेवले. भुसा ओलसर आहे ना, ते रोज बघितलं. लावणीच्या आदल्या दिवशी तिने ते तिन्ही उचलून वरच्या फ्रीझरमध्ये, मटारच्या पाकिटामागे ठेवले.

सकाळी कॉरिडॉरमध्ये कुंडी भरून तयार होती. निशिकांत स्टुलावर बसला होता. तिने एकेक कंद त्याच्या हातात दिला.

"केवढे गार आहेत गं," तो म्हणाला. "आणि कडक. दगडासारखे."

"चांगली थंडी लागलीय त्यांना."

त्याने एक कंद गालाला लावला आणि तसाच धरून ठेवला. गालावर पाण्याचा ओघळ आला, तो त्याचा की कंदाचा कळेना. मग त्याने स्वतःच्या हाताने तिन्ही मातीत ठेवले, वरून माती लोटली, अलगद थोपटली. दुपारच्या उन्हात कुंडीची कड हाताला चटका देत होती. मीनलला बघायची गरज नव्हती. गोठलेला कंद वितळला की उकडलेल्या बटाट्यासारखा होतो आणि दोन दिवसांत त्याचं पाणी होतं.

निशिकांत रोज सकाळी कुंडीपाशी बसू लागला. पाणी आता तो स्वतः घालायचा, थेंब थेंब, बोटाने ओल तपासत.

"दिसतंय काही?"

"अजून नाही."

दहा दिवस झाले, पंधरा झाले. त्याचं जेवण कमी झालं. टोचून बोलणं तर संपूनच गेलं. तिला तो चक्क "मीनल, जरा बघतेस का?" असं विचारू लागला, अजिजीने. विसाव्या दिवशी त्याने विचारलं तेव्हा ती वाकली. कुंडीत काळी माती होती आणि मुंग्यांची एक ओळ होती.

"आला," ती म्हणाली. "बारीक आहे, पण आलाय."

त्याचा हात पुढे झाला. तिने तो मनगटाशी धरला.

"बोट लावू नका. कोवळा आहे, मोडेल."

"नाही, नाही लावत," तो घाईने म्हणाला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला.

त्यानंतर ती रोज सांगत गेली. आज दोन पानं. आज देठाला लाली. आज चार. तो डोकं कलतं करून, कडेच्या नजरेने पकडायला बघायचा, थकायचा, आणि तिचं ऐकून आत जायचा. शेवटी त्याने फोन लावले. शैलाला, चैतालीला, आणखी दोन घरांना. रविवारी बघायला या म्हणून.

रविवारी सातजण आले. निशिकांतने इस्त्रीचा शर्ट घातला होता. कॉरिडॉरमध्ये सगळ्यांना अर्धगोलात उभं करून त्याने कुंडीकडे हात केला.

"बघा. चौदा वर्षांनी. चार पानं आहेत ना?"

खालच्या रस्त्यावरून बस गेली.

"Uncle, but there's noth..." चैतालीने तोंड उघडलं, तेवढ्यात शैलाने तिचा दंड इतका घट्ट धरला, की पोरगी कळवळली. शैलाने मीनलकडे बघितलं. मीनलनेही नजर वळवली नाही. आता सगळ्यांना समजलं होतं, आणि ते त्यांना समजावं, हेच तिला हवं होतं.

"गप्प का सगळे?" निशिकांतचा हात तसाच पुढे होता. "शैला? आहेत ना चार?"

शैलाने चैतालीचा दंड सोडला.

"हो," ती म्हणाली. "चार आहेत. सुरेख आहेत."

"हो, हो, छानच," मागून शैलाचा नवरा म्हणाला. मग एकेकाने री ओढली. हिरवीगार आहेत, कुणी म्हणालं. तरतरीत आहेत, कुणी म्हणालं. निशिकांत एकेका आवाजाकडे तोंड फिरवत हसत होता.

मीनलने त्यांना तिथेच राहू दिलं आणि ती सातजणांचा चहा टाकायला आत गेली.