माईकवरचं बोलणं

आमच्या घरात शिक्षणाचा हिशेब मांडणं पाप समजतात. बाबासाहेबांच्या फोटोखाली माझं भाषाविज्ञानाचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलंय आणि माझे बाबा आंधळगावात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ते दाखवतात. याचा फायदा काय, असं कोणी विचारलंच, तर म्हणतात, "शिकून का भेटते असं इचारणाऱ्यालेच आधी शिकवा लागते." वाक्य टाळ्या घेणारं आहे, पण त्यानं हप्ता भरला जात नाही.

हप्ता आई भरत होती. नागपूरची फी, खोलीभाडं, मेस, यासाठी तिनं बचत गटातून चाळीस हजार उचलले होते. वर्ष उलटून गेलं तरी माझी कमाई म्हणजे एका शिकवणीवर्गातले दोन पगार. त्यातच धाकट्या खुशबूचा भंडाऱ्याला नर्सिंगला नंबर लागला. पैसे भरायची शेवटची तारीख शनिवार. गट तिच्यासाठीही कर्ज द्यायला तयार होता, पण घरातलं जुनं कर्ज निम्मं फिटल्यावरच. त्या निम्म्याला नऊ हजार कमी पडत होते.

नेमकं तेव्हाच मला काम मिळालं. पुण्याची एक कंपनी यंत्राला खेड्यातलं बोलणं शिकवत होती. घरगुती गप्पांचं रेकॉर्डिंग पाठवायचं आणि पहिला नमुना मंजूर झाला की दहा हजार. भाषाविज्ञान शिकलेलाच माणूस हवा होता. माझ्या प्रमाणपत्राचे पांग फिटले असं मला वाटलं.

मोबाइलला छोटा माईक लावला, बाबांपुढे ठेवला आणि म्हटलं, रोवण्याबद्दल, म्हणजे धानाच्या लावणीबद्दल, बोला. बाबा उठून उभे राहिले. शर्टाचं वरचं बटण लावलं, घसा खाकरला. "आदरणीय व्यासपीठ, आणि येथे जमलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो..." समोर मी होते आणि आमची शेळी.

त्यांचं तरी काय चुकलं? आमच्या वस्तीत माईक येतो तो चौदा एप्रिलला, विहारासमोर. त्याच्यापुढे घरातल्यासारखं कोणी बोलत नाही. नळावर भांडताना साऱ्या वस्तीला ऐकू जाणारी मंदाकाकूसुद्धा माईक पाहून स्त्रीशिक्षणाचं महत्त्व सांगू लागली. सगळं परत आलं. शेरा एकच, बोलणं नैसर्गिक नाही.

मी वैतागले. "बाबा, रोज बोलता तसे बोला न!"

"असं कसं बोलू बेटा? पुण्याचे लोक आयकतीन. म्हणतीन, एवढ्या शिकल्या पोरीचा बाप असा बोलते का?"

माझी मान खाली जाण्यापेक्षा माझे पैसे बुडालेले त्यांना परवडत होते.

गुरुवारी दुपारी माईक स्वयंपाकघराच्या फळीवर चालू ठेवून मी मंदाकाकूला बोलवायला गेले. ती घरी नव्हती. परत आले आणि अंगणात बसून मागं काय भरलंय ते ऐकलं.

"आई, ताईले तू काहून नाही सांगत? गट पैसे देऊन नाही राहिला म्हणून?" खुशबू म्हणत होती.

"तिले कायले सांगू? तिले का दिसत नाही?"

"मंग माह्याच वेळेले कसे पैसे संपते? मले नर्स व्हाचं होतं न आई." मग ती रडायला लागली. "रडू नोको वो बाई," म्हणता म्हणता आईही रडली.

हे सगळं मला माहीत होतं. खुशबूच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. आणि खरं सांगते, तिचं रडणं ऐकत होते त्याच क्षणी डोक्यात हेही आलं की, हे मंजूर होईल. त्याची मला अजून शरम वाटते.

दोघींना ते ऐकवलं. म्हटलं, नको म्हणाल तर पुसून टाकते. आईनं खुशबूकडे बोट दाखवलं. खुशबूनं हातातला भाताचा गंज घासून पालथा घातला.

"गटाचे नऊ हजार निघत असन तं पाठव," ती म्हणाली.

संध्याकाळी उत्तर आलं. 'उत्कृष्ट. असंच आणखी पाठवा.' खाली एक ओळ होती, पैसे पंचेचाळीस दिवसांत जमा होतील. मी फोन केला, विनवण्या केल्या. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, आमची पद्धतच तशी आहे. गटातल्या बायका हळहळल्या, पण म्हणाल्या, एका घरासाठी नियम मोडला तर उद्या सगळेच मागतील. शनिवार निघून गेला.

पैसे आले ते आईनं गटात भरले. खुशबू आता मोहाडीला औषधाच्या दुकानात गोळ्यांची पाकिटं काढून देते. पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म भर म्हटलं, तर पाहू म्हणते. कंपनीला मी पुन्हा काही पाठवलं नाही. बाबा फ्रेम अजून पुसतात.

परवा खुशबू दुकानातून आली. मी सहज विचारलं, "जेवली का वो?"

तिनं आधी माझ्या हातातला मोबाइल पाहिला.

"हो ताई. माझे जेवण झालेले आहे. आपण जेवून घ्यावे."

मी मोबाइल बंद केला, तिच्या डोळ्यांदेखत बाहेरच्या खाटेवर ठेवून आले आणि पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच उत्तर दिलं.