रांगेतली चूक

रिसालीहून हथखोजच्या औद्योगिक वसाहतीत रोशन मेश्राम आणि त्याची बायको सुजाता एकाच स्कूटरवर जायचे. सळ्यांच्या एका कारखान्यात, संगणक विभागात दोघांची टेबलं शेजारी होती. भट्टीपासून गेटवरच्या कॅमेऱ्यापर्यंत प्रत्येक यंत्र आपली खबर ज्या लॉग सर्व्हरला कळवायचं, तो रोशननेच उभा केला होता. लग्नानंतर सुजाताची इथे खटपट करून नोकरीची सोय लावली, तीही त्यानेच.

कारखान्यात सळ्या लाटणारी नवी मिल सुरू झाली आणि यंत्रांच्या मेसेजचा असा लोंढा सुरू झाला की सर्व्हरला झेपेना. कितीतरी मेसेज गळून जायचे. रोशनने मोठी मशीन मागितली. साहेब म्हणाले, आधी सुजाताला बघू दे.

सुजाताने पाहिलं. सर्व्हर एकेक मेसेज पुढच्या साठवणीच्या मशीनवर पक्का उतरेपर्यंत अडून राहायचा. तिने ते अडणं काढलं, मेसेज गठ्ठ्याने लिहायला लावले, आत येणाऱ्यांसाठी जागा वाढवली. त्याच जुन्या मशीनवर सगळं सुरळीत चालू झालं.

"सुजाताजी, कमाल कर दिया!" साहेब सगळ्यांदेखत म्हणाले. मग रोशनकडे वळून हसले, "अब आप इन्हीं से सीख लो."

रोशनही हसला. पण संध्याकाळी त्याची आई, मथुराबाई, शेजारणीला कौतुकाने सांगू लागली, "रोशनले नाई जमलं, सुनेनं करून देल्लं," तेव्हा तो अर्धं जेवण टाकून उठला.

दुसऱ्या दिवशी सुजाताने सेटिंगची फाईल उघडून स्क्रीन त्याच्याकडे वळवली. "एकडाव नजर टाका ना. काई राहिलं असन तर सांगा."

त्याला ते लगेच दिसलं. मेसेज पुढे साठवणीच्या मशीनकडे जायचे, आणि जाईपर्यंत त्यांची रांग नुसती मेमरीत राहायची. ती मशीन बंद पडली तर रांग भरणार, आणि पुढचे मेसेज सरळ फेकले जाणार. रांग भरत आली की स्वतःच्या डिस्कवर उतरव, एवढं सर्व्हरला सांगायचं सुजाता विसरली होती. तिला हे सांगायला अर्धं मिनिटही लागलं नसतं.

"ठीक आहे सगळं," रोशन म्हणाला.

त्यानंतर त्याचं कामात लक्ष लागेना. कोणी सुजाताचं नाव घेतलं की तो मनात म्हणायचा, थांबा जरा. वाईट वाटायचं आणि गोडही वाटायचं.

रविवारी साठवणीची मशीन दुरुस्तीसाठी बंद ठेवली होती. नेमकी तेव्हाच मिल अडकून थांबली. का थांबली ते शोधायला सोमवारी सगळे जमले, तर त्या वेळचा एकही मेसेज सापडेना. सुजाताने फाईल उघडली, वाचली आणि उभी राहिली.

"मेरी गलती है, सर. क्यू डिस्क पे डालना रह गया."

साहेब बरंच काही बोलले. ती मान खाली घालून ऐकत राहिली. ज्याची वाट पाहिली ते रोशनसमोर घडत होतं, आणि त्याला तिच्याकडे बघवत नव्हतं.

जिन्यात तिने त्याला गाठलं. "तुमी फाईल पाहिली होती."

"हो."

"तुमाले दिसलं नाई?"

तो खोटं बोलू शकला असता. "दिसलं होतं."

"मंग सांगितलं कावून नाई?"

"सगळे तुयंच नाव घेऊन राहिले होते. मले... मले सहन नाई झालं."

"मी तर घरी सांगून राहिली होती का तुमीच शिकवलं मले," ती एवढंच म्हणाली आणि खाली उतरली. संध्याकाळी ती ऑटोने घरी गेली.

तिने चूक सुधारली. साठवणीची मशीन मुद्दाम बंद करून पाहिली. एकही मेसेज हरवला नाही. घरी ती त्याला ताट वाढायची, भाजी हवी का विचारायची, सगळं पहिल्यासारखं. ऑफिसात मात्र पुढचा बदल करताना तिने पलीकडच्या टेबलावरच्या पियूषला हाक मारली.

"पियूष, जरा फाईल देख लो ना. कुछ छूटा हो तो बताना."

पियूष खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला. कशावरून तरी दोघं हसली. शेजारच्या टेबलावर रोशन की-बोर्डवर बोटं ठेवून बसला होता. त्यांचा शब्द न् शब्द त्याला ऐकू येत होता.