वजा पन्नास

त्रिवेणीच्या कामाला मराठीत नाव नाही. इमारत बांधून झाली, रंग लागला, खिडक्यांवरचे कागद निघाले की बांधणारे म्हणतात, झालं. मग त्रिवेणी येते आणि विचारते, चालतं का? पाणी शेवटच्या मजल्यावर चढतं का, वीज गेली तर जनरेटर भार उचलतो का, आग लागली तर घंटा वाजते का. एकेक गोष्ट चालवून बघायची, आकडे लिहून घ्यायचे आणि खाली सही करायची. तिची सही पडल्याशिवाय त्या इमारतीत कुणी राहायला जात नाही. नल्लकुंट्यातल्या नातेवाइकांना ती एवढंच सांगते, "मी बिल्डिंगची परीक्षा घेते."

परीक्षक म्हणून ती कडक होती आणि तिला तसं म्हटलेलं आवडायचं. ठेकेदार तिच्या नावाने बोटं मोडत. तीही ठसक्यात म्हणायची, मोडा, पण नळ गळतोय तो आधी बघा. अकरा वर्षांत तिने पास केलेल्या इमारतीबद्दल एकही गंभीर तक्रार आली नव्हती. निदान तिला तसं वाटत होतं.

हब्सीगुड्यातलं नोकरदार मुलींचं वसतिगृह तिने तीन महिन्यांपूर्वी पास केलं होतं. अकरा मजले, तीनशे मुली, आणि मुली सोमवारी यायच्या होत्या. आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, मालक हर्षवर्धनराव यांनी चौथ्या मजल्यावरच्या जेवणघरात होम ठेवला. चिक्कडपल्लीच्या जुन्या वकील घराण्यातला माणूस. होमाशिवाय त्यांच्याकडे नवी खुर्चीसुद्धा आत येत नसावी. त्रिवेणीने त्यांना सांगितलं होतं, होम करा, पण धुराने घंटा वाजेल, म्हणून चौथ्या मजल्याची धूर ओळखणारी यंत्रं तेवढा वेळ बंद ठेवते. तिची जोडीदारीण दीपाली खाली तळमजल्यावर आगीच्या पॅनेलजवळ बसली होती.

भटजींनी तुपाचा हात जरा सढळ ठेवला. धूर जेवणघरातून लिफ्टजवळच्या मोकळ्या जागेत आला, तिथून कुठल्याशा फटीने पाचव्या मजल्यावर गेला. पाचव्या मजल्याची यंत्रं चालूच होती. घंटा वाजायला लागली, दोन्ही लिफ्ट आपणहून तळमजल्यावर जाऊन दारं उघडून उभ्या राहिल्या, आणि गच्चीवरचा मोठा पंखा सुरू झाल्याचा घरघराट जिन्यातून ऐकू आला.

पाहुणे दचकले, पण त्रिवेणीची मात्र छाती फुगली. न सांगता, न ठरवता सगळी साखळी बरोबर चालली होती. हर्षवर्धनराव धावत आले तर तीच हसत म्हणाली, "काही नाही हो, पाचव्याने वास घेतला. उलट बघा, कसं सगळं नंबराने झालं."

"तो आवाज कशाचा?"

"जिन्याच्या पंख्याचा. आग लागली की लिफ्ट बंद, मग माणसाला जिनाच एक वाट. हा पंखा वरून जिन्यात स्वच्छ हवा ढकलत राहतो, म्हणजे मजल्यावरचा धूर जिन्यात शिरूच शकत नाही. दार उघडलं तरी हवा बाहेर येते, धूर आत जात नाही. चला, दाखवते."

ती पुढे झाली. तिच्या मागे हर्षवर्धनराव, त्यांच्या मागे पाचसहा पाहुणे. जिन्याच्या दाराला तिने हात लावला आणि दार तिच्या हातातून निसटून जिन्यात गेलं. कुणी पलीकडून ओढावं तसं.

तिला आधी वाटलं आपणच जोर जास्त लावला. मग तिच्या कानाजवळून काहीतरी गेलं. होमाचा धूर होता. जेवणघरातून तो छताखालून सरळ येत होता, तिच्या डोक्यावरून दारात शिरत होता आणि जिन्यातून वर चालला होता, पट्ट्यापट्ट्यांनी, घाईघाईने. इतक्या वर्षांत तिने या पंख्यांसमोर कधी धूर पाहिला नव्हता, नुसते आकडेच पाहिले होते. ती दाराची मूठ धरून बघत राहिली.

वरून खोकल्याचे आवाज आले. हर्षवर्धनरावांच्या आई तारामतीबाई दोन बायकांबरोबर आठव्या मजल्यावर खोल्या बघायला गेल्या होत्या. घंटा वाजली, लिफ्ट मिळेना, म्हणून त्या शहाण्या माणसासारख्या जिन्याने उतरायला लागल्या होत्या. लिफ्टजवळ पाटीच होती तशी, आगीच्या वेळी जिना वापरा. त्रिवेणीनेच लावून घेतलेली.

"दीपाली, पंखा बंद कर," ती फोनवर म्हणाली. "विचारू नको, आधी बंद कर."

सहाव्या मजल्याच्या वळणावर तारामतीबाई पायरीवर बसल्या होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पदर नाकाला लावलेला. बरोबरच्या बाईंनी पाठ चोळली, कुणी पाणी आणलं. पाच मिनिटांत त्या सावरल्या. शहात्तर वर्षांच्या, पण खमक्या. "काही झालं नाही मला," त्या म्हणाल्या, "पण नवल वाटलं ग. खोल्यांमध्ये धूर नव्हता. जिन्यात आलो तर धूर."

त्रिवेणीने त्यांचे दोन्ही हात धरले. हा तुपाचा आणि समिधांचा धूर होता. सोमवारनंतर इथे गाद्या असणार, पडदे असणार, तीनशे मुली असणार. एखाद्या खोलीत इस्त्री चालू राहिली असती, आणि मुलींनी पाटी वाचून जिना धरला असता.

दोघी गच्चीवर गेल्यावर दीपालीने पंखा हाताने सुरू केला. बाहेरून हवा आत घेण्यासाठी जी जाळी होती, तिच्यासमोर त्रिवेणीने ओढणीचं टोक धरलं. ओढणी जाळीला चिकटायला हवी होती. ती तिच्या तोंडावर उडाली. पंखा उलटा फिरत होता. जिन्यात हवा ढकलायची सोडून जिन्यातली हवा ओढून बाहेर फेकत होता, म्हणजे प्रत्येक मजल्यावरचा धूर जिन्यात आणायचं काम इमानेइतबारे करत होता.

"पण पन्नास आलं होतं," त्रिवेणी म्हणाली. तिने फोनवर चाचणीचा कागद उघडला. जिन्यातला दाब, हवा होता पन्नास पास्कल, मिळाला पन्नास. खाली तिची सही. "मी स्वतः उभी होते. कंट्रोलरवर वेग वाढवत नेला, पन्नास आल्यावर थांबवला."

दीपालीने कागद वाचला. मग म्हणाली, "अक्का, मायनस पन्नास होतं."

"काय?"

"मीटरवर मायनस दिसत होता. मी बोललेले. तू म्हणालीस नळ्या उलट्या लागल्यात, पन्नासच लिही."

त्रिवेणीला तो दिवस आठवला. दाब मोजायच्या मीटरला दोन रबरी नळ्या असतात, एक जिन्यात सोडायची, एक बाहेर ठेवायची. नळ्यांची अदलाबदल झाली की आकडा तोच येतो, नुसती पुढे वजाची खूण लागते. हे सगळ्यांकडून रोज होतं. नवीन माणसं घाबरतात, पुन्हा नळ्या जोडत बसतात, वेळ जातो. म्हणून त्रिवेणीने आपला एक नियमच करून टाकला होता आणि हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाला तो पहिल्याच दिवशी शिकवला होता. मायनस दिसला तर नळ्या उलट्या. गडबडू नका, आकडा लिहा.

नळ्या सरळच असतील आणि जिनाच उलटा असेल, हे तिच्या मनात कधी आलंच नव्हतं. पंख्याची दिशा तपासली का, अशी वेगळी चौकटही कागदावर होती. तिथे बरोबरची खूण होती. ती कुणी केली हे दीपालीने विचारलं नाही, आणि ते बरंच झालं.

वायरमनला बोलावलं. त्याने मोटरच्या दोन तारांची अदलाबदल केली. बारा मिनिटं लागली. पंखा पुन्हा सुरू केला, चौथ्या मजल्यावर उदबत्त्यांचा जुडगा पेटवून जिन्याच्या दारात धरला, तर धूर मागे, मजल्याकडे वळला. अकरा मजल्यांवर अकरा वेळा ती जुडगा धरून उभी राहिली. मीटर काढलंच नाही.

हर्षवर्धनराव रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. पण माणूस भला होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आईला काही झालं नाही. मुली यायच्या आधी कळलं. चूक कुणाची होत नाही? विषय संपला. चला, पानं वाढलीत."

विषय संपला नव्हता. त्रिवेणीच्या पानावर पुरणपोळी होती. तिच्या डोक्यात एकच गोष्ट चालली होती. नियम तिने याच इमारतीपुरता केला नव्हता. असा पंखा असलेल्या आणखी सात इमारती तिने पास केल्या होत्या, आणि त्यांतल्या चार याच ठेकेदाराच्या, याच वायरमनच्या. त्या सातांमध्ये किती ठिकाणी मायनस दिसला होता? तिला आठवेना. आठवणार कसं, तो लिहायचाच नाही असा तिचा नियम होता.

सातांतली एक तारनाक्याला होती. नवव्या मजल्यावर तिचे आईबाबा राहत होते. नल्लकुंट्याचं बैठं घर विकून नामदेवराव आणि भामाबाई दोन वर्षांपूर्वी तिथे गेले, ते मुलीने परीक्षा घेतलेली बिल्डिंग म्हणूनच. भामाबाईंचे गुडघे गेलेले. बाकी सहा सोडून आपण आधी याच घराचा विचार केला, याची तिला लाज वाटली, तरी बोट त्याच नंबरवर गेलं. किशोर, तिथला देखरेखीचा माणूस, मूळचा जहिराबादकडचा.

"किशोरभाऊ, जिन्याचा गच्चीवरचा पंखा तपासायचाय."

"तो बंद आहे ना ताई. दीड वरीस झालं. स्विच काढूनच ठेवलाय."

"का?"

"तो चालू केला की सगळ्या घरांचा फोडणीचा वास जिन्यात यायचा. लोकां परेशान. मग एकदा तिसऱ्या मजल्यावर कढईनं पेट घेतला, लहानच, पण धूर बघा सगळा जिन्यात. तेव्हाच बंद केला."

त्रिवेणी हातातला घास तसाच ठेवून उठली. "आणि मला कुणी कळवलं नाही?"

"कळवलं की. असोसिएशननं तुमच्या हाफिसात लेटर दिलं. तुमचं उत्तरबी आलं."

तिला ते पत्र आठवत नव्हतं. अशी पत्रं येत, ती चार ओळींचं उत्तर टाकून मोकळी होई.

"काय लिहिलं होतं मी?"

"इंग्लिशमधी होतं. पण मला पाठ आहे, काकांनी, म्हणजे तुमच्या बाबांनी, मीटिंगमधी सगळ्यांना समजावून सांगितलं, मराठीत, तेलुगूत, दोन दोन वेळा. चाचणी मी स्वतः घेतली आहे, रीडिंग बरोबर आहे, लोक दारं उघडी ठेवतात म्हणून वास येतो." मग किशोरने आवाज खाली आणला. "तुम्हाला सांगायला नक्को म्हणाले काका. पोरीला वाटेल तिच्यावर कोणी शक घेतो. चौथ्या मजल्याच्या रेड्डीगारूंनी लई वाद घातला होता हो, पंखाच उलटा आहे म्हणून. काका उभे राहिले, म्हणाले, माझ्या मुलीनं स्वतः बघितलंय. मग रेड्डीगारूबी गप्प बसले. आता काय करू ताई, स्विच लावू?"

"नको. कशाला हात लावू नका. मी निघालेच. तोवर बाबांना सांगून सगळ्यांना खाली बोलवा, रेड्डीगारूंनाही."

"काका विचारतील कशाला. काय सांगू?"

भिंतीला टेकून ती उभी राहिली. पंगतीतून कुणीतरी तिला हाक मारत होतं.

"सांगा," ती म्हणाली, "त्यांच्या मुलीनं बघितलं नव्हतं."